तापमानवाढ ‘जागतिक’ आहे, तर काही भाग गार कसे?

वाराफिरला: ग्रीनलंडच्या दक्षिणेला अटलांटिकचा एक पट्टा गेल्या शतकभरात तापायच्या ऐवजी थोडा गारच झालाय. उष्ण पाणी उत्तरेकडे नेणारा सागरी प्रवाह मंदावल्याचा संशय आहे. उलट आर्क्टिक 1979 पासून जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापतंय. जगाची सरासरी तापमानवाढ जिथे रोखायची म्हणतात तो ‘1.5 अंश’ हा आकडा मला म्हणूनच फसवा वाटतो. त्या सरासरीत राहतं कोण?

शंकासूर: गोम इथेच आहे. तापलं तरी तापमानवाढ, गारठलं तरी तीच. दुष्काळ तिच्यामुळे, पूरही तिच्यामुळे. छापा तुमचा, काटाही तुमचाच!

बाष्पकण: @शंकासूर, मागाहून सारवासारव केली असती तर मानलं असतं. पण आर्क्टिक जास्त तापेल आणि तेही मुख्यतः हिवाळ्यात, हे मानाबे आणि स्टॉफर या हवामानशास्त्रज्ञांनी 1980 मध्येच मॉडेलवरून (संगणकावरच्या हवामानाच्या गणितावरून) मांडलं होतं. समुद्रावरचा बर्फ ऊन परतवतो. तो गेला की खालचं काळपट पाणी उन्हाळाभर उष्णता साठवतं आणि थंडीत हवेत सोडतं. अंटार्क्टिकाभोवती मात्र खोलातलं थंड पाणी सतत वर येतं, म्हणून तिथला समुद्र तापायला रेंगाळतो. राहिला पूर-दुष्काळ. हवा 1 अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. पाऊस असेल तिथे ती जास्त ओतते, नसेल तिथे मातीतली ओलही शोषते. यात कसला आलाय छापा-काटा?

शंकासूर: तापमानाचं चला, मान्य. पावसाचं काय? साहेलबद्दल, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्याबद्दल, काही मॉडेलं म्हणतात ओलं होईल, काही म्हणतात कोरडं. मग सरासरीवरच बोला की, निदान ती तरी पक्की आहे. प्रदेशवार भविष्य कशाला सांगता?

वाराफिरला: साहेलचं खरंय. पण भूमध्य समुद्राभोवती पाऊस घटणार यावर बहुतेक मॉडेलं एकमुखी आहेत. एका ठिकाणी जमत नाही म्हणून दुसरीकडचंही सोडून द्यायचं?

खारेवारे: वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. ग्रीनलंडचा बर्फ एवढा अवाढव्य आहे की आजूबाजूचं समुद्राचं पाणी तो स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ओढही घटते आणि खुद्द ग्रीनलंडच्या किनाऱ्याला पातळी चक्क उतरते. पाणी सरासरीपेक्षा जास्त चढतं ते दूर, विषुववृत्ताकडे आणि त्याच्याही दक्षिणेला. शंकासूर, आता तिथल्या बंदराची भिंत किती उंच बांधायची ते तुमच्या पक्क्या सरासरीवरून सांगा बघू.