बाळाची खिमटी, दूध, गुटी: काय सांभाळायचं?

तान्ह्यापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचं खाणंपिणं घरी करताना नेमकं काय बिघडतं आणि का, ते लिहा. 'स्वच्छता पाळा' एवढंच नको. माप, वेळ, भांडं सांगा.

—

सकाळी खिमटी शिजवून दुपारपर्यंत कुकरातच ठेवतात, घोळ तिथेच होतो. तांदळातल्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, कोमट भातात वाढतात आणि उलट्या करवणारं विष सोडतात. ते पुन्हा उकळून जात नाही, त्यामुळे 'गरम करून देऊ' याला अर्थ नाही. दुपारची हवी असेल तर शिजल्याबरोबर स्टीलच्या ताटात बोटभर जाडीची पसरा, ताट गार पाण्याच्या परातीत ठेवा, निवली की झाकून फ्रिजमध्ये. लागेल तेवढीच काढून चांगली वाफ येईपर्यंत तापवा, तीही एकदाच. बाळाचा चमचा फिरलेली खिमटी लाळेने पाणी सोडते. ती परत ठेवू नका.

—

बोंडल्याच्या चोचीत साय अडकते आणि ब्रश शिरत नाही. चांदीचं असलं तरी तेच. वाटी-चमचा बरा: घासून, पाण्यात पूर्ण बुडवून, खळखळ उकळी आल्यावर १० मिनिटं. मग उपडं घालून निथळू द्या. पुसू नका, स्वयंपाकघरातलं फडकंच सगळ्यात मळकं!

—

वरच्यात भर. डब्यातली दुधाची पावडर निर्जंतुक नसते. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या वर असतानाच कालवा. आधी पाणी, मग सपाट चमचा. नळाच्या धारेखाली गार करून, मनगटावर थेंब टाकून मगच पाजा. उष्टं दूध फेकून द्या.

—

सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको असं डॉक्टर सांगतात, तरी घरोघरी गुटीसाठी सहाण निघतेच. निदान मध तरी नको, वर्ष होईपर्यंत बोटभर चाटवायलाही. त्यात बॉट्युलिझमचे, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराचे, बीजाणू असू शकतात आणि ते तान्ह्याच्या आतड्यात रुजतात. आधी बहुधा शी अडते, मग रडणं क्षीण होतं, मान लुळी पडते. तडक दवाखाना गाठा.

—

बोरन्हाणाबद्दल कुणीच बोललं नाही. शेंगदाणे, बोरं, हलवा, उसाचे करवे, सगळं नेमकं श्वासनलिकेत अडकणारं. पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा कूट करूनच द्या. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करा. आडव्या चिरलेल्याची गोल चकती घशात चपखल बसते. न्हाण झाल्यावर सोफ्याखालीही केरसुणी फिरवा, राहिलेला दाणा रांगणाऱ्यालाच आधी सापडतो.