शब्दचर्चा : ‘कॅच-अप’ म्हणजे थकबाकी, अनुशेष, पिछाडी की बुडीत?

मूळ प्रश्न

आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे ऑनलाइन खेळातल्या खेळाडूंच्या संघात, मराठी बोलणारे खेळाडू बरेच आहेत. नव्याने येणाऱ्या आणि दीर्घ खंडानंतर परतणाऱ्या सदस्यांसाठी एक टिपण मराठीत लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधले ‘क्वेस्ट’ (खेळाने दिलेली कामगिरी), ‘रेड’ (अनेकांनी मिळून लढायची मोठी मोहीम), ‘गिअर’ (पात्राची शस्त्रे व चिलखते), ‘लेव्हल’ (पात्राची पातळी) हे शब्द आपण जसेच्या तसे वापरतो आणि ते बदलावेत असे मला वाटत नाही. अडचण ‘कॅच-अप’पाशी, म्हणजे खेळात मागे राहिलेले भरून काढण्यापाशी, येते. ‘कॅच-अप आणि फ्री टाइम यांचा समतोल राखा’ या वाक्याचे एका सहकाऱ्याने ‘थकबाकी आणि रिकामा वेळ’ असे केले, तर दुसऱ्याने ‘अनुशेष आणि फुरसत’ सुचवले. दोन्ही वाचताना वेगवेगळा सल्ला दिल्यासारखे वाटते. कोणता शब्द योग्य, आणि का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

‘थकबाकी’ मी वापरणार नाही. थकबाकी म्हटली की मागणारा कोणीतरी समोर असतो, मुदत उलटून गेलेली असते आणि बहुधा त्यावर दंडही चढत असतो. काही महिने खेळापासून दूर राहिलेल्या माणसाकडून खेळाचे काहीही येणे नसते. तरीही परतल्यावर पहिल्याच ओळीत हा शब्द दिसला, तर तो खेळायला नव्हे, फेडायला बसतो. टिपण लिहिणाऱ्याने हे ओझे नकळत वाचकाच्या माथी मारू नये.

मात्र ‘थकबाकी’च्या जागी दुसरा एकच शब्द बसवूनही काम भागणार नाही, कारण खेळाडू ज्याला सरसकट कॅच-अप म्हणतात त्यात तीन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि तिन्हींसाठी मराठीत रुळलेले शब्द आहेत.

जे करायचे राहिले आहे, पण जागच्या जागी शाबूत आहे, तो अनुशेष. ‘फायनल फँटसी 14’ची मुख्य कथा याचे ठळक उदाहरण आहे : ती क्रमानेच पुरी करावी लागते, आणि 2013मध्ये नव्या रूपात आलेल्या मूळ भागापासून पुढच्या सर्व विस्तारांपर्यंत ती लांबत गेली आहे. ऑगस्ट 2020च्या अद्यतनात मूळ भागातील काही क्वेस्ट गाळून ती थोडी आटोपशीर करण्यात आली, तरी नवख्या माणसासमोरचा डोंगर मोठाच आहे. पण हा डोंगर कोठे जात नाही. आज दोन क्वेस्ट केल्या आणि पुढचा महिनाभर एकही केली नाही, तरी तिसरी क्वेस्ट तेथेच उभी असते.

इतरांच्या तुलनेत आपले बळ कमी पडते, ती पिछाडी. हा शब्द क्रीडावृत्तांतून आपल्या चांगल्या परिचयाचा आहे आणि ‘पिछाडी भरून काढणे’ हे क्रियापदासह तयार असलेले रूप कॅच-अपला जितके नेमके लागू पडते, तितके दुसरे कोणतेही पडत नाही. पिछाडी सापेक्ष असते, म्हणून खेळाचे कर्ते ती नियमांनी घटवू शकतात. 2003पासून चालू असलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये कौशल्ये प्रत्यक्ष काळाच्या गतीने वाढतात, त्यामुळे जुन्या खेळाडूला गाठणे नव्याला जवळजवळ अशक्य होते. 2016मध्ये तेथे स्किल इंजेक्टर, म्हणजे वापरताच कौशल्याचे गुण देणाऱ्या वस्तू, आले. एका मोठ्या इंजेक्टरमधून 50 लाखांपेक्षा कमी गुण असलेल्याला 5 लाख गुण मिळतात, तर 8 कोटींच्या वर गेलेल्याला केवळ दीड लाख. पुढे असलेल्याची चाल मंद आणि मागे असलेल्याची जलद, हेच पिछाडी भरून काढण्याचे मर्म आहे. याउलट ‘गिल्ड वॉर्स 2’मध्ये 2012पासून कमाल लेव्हल 80च राहिली आहे, त्यामुळे त्या लेव्हलला पोहोचून चांगले गिअर एकदा जमवलेला खेळाडू वर्षभराने परतला, तरी त्याच्या बळात पिछाडी जवळपास नसते, असलाच तर अनुशेष असतो.

तिसरा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : बुडणे. हप्ता बुडतो, मजुरी बुडते, तसा रोजचा किंवा आठवड्याचा वाटा बुडतो. जो बुडाला तो भरून काढता येत नाही, आणि म्हणूनच त्याला कॅच-अप म्हणणे हीच मुळात गल्लत आहे. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मधील रेझिन (बक्षिसे मिळवण्यासाठी खर्च करावी लागणारी ऊर्जा) दर 8 मिनिटांनी 1 या वेगाने साठते आणि कमाल मर्यादा गाठल्यावर साठणे थांबते. सप्टेंबर 2020मध्ये ही मर्यादा 120 होती, म्हणजे साठा 16 तासांत भरत असे. लवकरच ती 160 झाली, तेव्हा 21 तास 20 मिनिटे लागू लागली. 2024मध्ये ती 200 झाली आणि हा काळ 26 तास 40 मिनिटांवर गेला. आकडे लहान दिसतात, पण त्यांचा परिणाम मोठा आहे. पूर्वी दिवसातून एकदाच येणाऱ्याचे काहीतरी रोज बुडत असे; मर्यादा 24 तासांच्या पलीकडे गेल्यावर ठरावीक वेळी एकदा येऊन गेले तरी काहीच बुडत नाही.

आपल्या टिपणात हे तीन शब्द वेगळे ठेवलेत, तर समतोल कसा राखावा हे निराळे सांगण्याची गरज फारशी उरणार नाही. माझे मत स्पष्टच सांगतो. अनुशेष सवडीने करावा, पिछाडी ज्या कामासाठी आड येत असेल तेवढ्यापुरतीच भरून काढावी, आणि बुडीत गेलेल्याचा हिशेब ठेवू नये.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले, परंतु ‘थकबाकी’ला पूर्ण रजा देण्यापूर्वी एक बाजू पाहावी. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या मिथिक या सर्वांत कठीण पातळीच्या रेडमध्ये नेमके 20 खेळाडू लागतात, ‘फायनल फँटसी 14’च्या सॅव्हेज या कठीण पातळीच्या रेडमध्ये 8. ठरलेल्या रात्री एकाचे गिअर अपुरे असेल तर उरलेल्या सात जणांची संध्याकाळ वाया जाते. अशा वेळी मागणारा कोणीतरी खरोखरच समोर असतो.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

आपला मुद्दा रास्त आहे. तरीही तेथे मी ‘थकबाकी’ऐवजी ‘दिलेला शब्द’ म्हणेन. शब्द माणसांना दिलेला असतो, खेळाने पुढे ठेवलेल्या कामांच्या यादीला नव्हे. तो पाळणे शक्य नसेल तर आधी कळवून मोकळे होता येते, आणि चांगला गिल्ड ते मनाला लावून घेत नाही. रोजच्या यादीला मात्र कितीही कळवले तरी ती दुसऱ्या दिवशी तशीच समोर येते. टिपणात या दोन गोष्टी एकाच परिच्छेदात येऊ नयेत, असे मी सुचवीन.

तिसरा प्रतिसाद

‘फ्री टाइम’विषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. ‘रिकामा वेळ’ नको, कारण रिकामेपण ही मराठीत उणीव समजली जाते आणि रिकामे ते भरलेच पाहिजे असे वाटू लागते. नेमके याच वाटण्यातून लोक खेळातला प्रत्येक मोकळा क्षण डेली क्वेस्टनी भरतात. ‘फुरसत’ मिळते, ‘सवड’ काढावी लागते, ‘उसंत’ कामाच्या मध्येच घ्यायची असते. खेळासाठी दिवसातून जो वेळ बाजूला काढला जातो, तो सवड. खेळाच्या आत, कोणतीही यादी हाती न धरता नकाशावर भटकण्याचा, मासे पकडण्याचा किंवा नव्या खेळाडूला सोबत करण्याचा जो वेळ असतो, त्याला मी ‘मोकळा वेळ’ म्हणेन. मूळ प्रश्नातील ‘फ्री टाइम’ यांपैकी कोणता, हे आधी ठरवावे लागेल.

या संदर्भात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील विश्रांतीचा नियम मुद्दाम पाहण्यासारखा आहे. चाचणीच्या काळात फार वेळ खेळणाऱ्याचे अनुभवगुण घटत असत आणि खेळाडूंना ती शिक्षा वाटली. मग मांडणी उलटवण्यात आली : सराईमध्ये (मुक्कामाच्या जागी) किंवा शहरात लॉग-आउट केलेल्या पात्राला विश्रांतीचा लाभ साठत जातो आणि परतल्यावर शत्रू मारण्याचे गुण साठा संपेपर्यंत दुप्पट मिळतात. म्हणजे दूर राहिलेल्या काळात काही बुडत तर नाहीच, उलट थोडे जमा होते. आपल्याकडे बहुतेक जण अनुपस्थितीला ‘खाडा’ म्हणतात. या नियमापुरता तरी तो शब्द चुकीचा ठरतो, तेथे ‘विसावा’ हाच शब्द शोभतो.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या वाक्यातला ‘फ्री टाइम’ हा खेळाच्या आतला होता, हे तिसऱ्या प्रतिसादानंतर मलाच अधिक स्पष्ट झाले. त्या एका वाक्याऐवजी आता टिपणात असे लिहीत आहे : ‘कथेचा अनुशेष सवडीने पुरा करावा, पुढच्या रेडसाठी लागेल तेवढीच पिछाडी भरून काढावी, रेडला येण्याचा शब्द दिला असेल तर तो पाळावा किंवा वेळेत कळवावे, आणि प्रत्येक बैठकीत काही वेळ यादीविना, मोकळा ठेवावा.’ ‘बुडणे’ हा शब्द या वाक्यात बसला नाही, म्हणून साप्ताहिक मर्यादांच्या तक्त्यात ‘न वापरल्यास बुडते’ आणि ‘न वापरल्यास पुढे जमा राहते’ असे दोन रकाने केले आहेत. दुसऱ्या रकान्यासाठी ‘जमा’पेक्षा नेमका शब्द कोणास सुचल्यास अवश्य कळवावा.