मदत हवी आहे : मुलीचं अमेरिकन कॉलेजचं अ‍ॅप्लिकेशन

नमस्कार, आम्ही कोथरूडला राहतो, मुलगी अकरावी सायन्सला आहे आणि तिला बारावीनंतर अमेरिकेत बायोलॉजी करायचंय, अर्थात स्कॉलरशिप मिळाली तरच. दोन वर्षं दर रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर जाऊन पक्ष्यांच्या नोंदी करते, वह्या पावसाने फुगल्यात, पानांना चिखल लागलाय, पण तारीख-वेळ सगळं नीट लिहिलेलं. प्रवेशासाठीचे काउन्सेलर म्हणतात हे पुरणार नाही, एनजीओ काढा, रिसर्च पेपर छापा. मला ते पटत नाही, तिचं खरं काम हेच आहे. पण कॉमन अ‍ॅपमध्ये (बऱ्याच अमेरिकन कॉलेजांसाठी एकच ऑनलाइन फॉर्म) एका अ‍ॅक्टिव्हिटीला जेमतेम 150 कॅरेक्टर्स, त्यात हे बसवायचं कसं? 650 शब्दांच्या निबंधात घ्यावं का? आणि ज्युनिअर कॉलेजचे सर तिला नावानेही ओळखत नाहीत, मग रेकमेंडेशन दहावीच्या बाईंकडून चालेल का? कोणाची मुलं यातून गेली असतील तर प्लीज सांगा.