मदत हवी आहे: घर वर, गिरणी खाली. नवा डीबी (सगळे खटके बसतात तो डबा) कुठला घेऊ आणि आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडतो त्याचं) काय करू?

घर चिपळूणला, बाजारपेठेच्या जवळ. वर आम्ही राहतो, खाली आईची पिठाची गिरणी आणि मसाल्याची डंकी. मीटर दोन आहेत, घराचा सिंगल फेज आणि गिरणीचा थ्री फेज. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी खाली साडेसहा फूट चढलं. दोन्ही डीबी खालच्या भिंतीवर पाच फुटांवर होते, ते बुडाले. ऊन नव्हतंच, तेव्हा वायरमनने एमसीबी (एकेका लाइनचे खटके) काढून धुतले, शेगडीपाशी वाळवले आणि परत बसवले. चालतायत ना, म्हणून आम्हीही गप्प बसलो. गेल्या आठवड्यात त्यातला एक बदलायला काढला आणि सहज हलवून बघितला, तर आतून वाळलेला गाळ भुरभुर हातावर पडला. तेव्हापासून झोप नाही. सगळंच नवीन करायचं ठरवलंय.

घरात दीड टनाचा एसी, दोन किलोवॅटचा गीझर, एक एचपीचा पंप, फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर. पुढेमागे इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ. खाली गिरणी साडेसात एचपी, डंकी तीन एचपी, दोन्ही थ्री फेज, दोन्हींना स्टार्टर आहेत.

दुकानदार म्हणतो घराला आठ वेचा, म्हणजे आठ जागांचा, डबा भरपूर झाला, गिरणीला चार वेचा टीपीएन (थ्री फेजचा डबा). चार वेमध्ये मावणार कसं हेच मला कळेना. वायरमन म्हणतो, "सगळीकडे बत्तीस अँपिअरचे टाका, परत ट्रिपची तक्रार येणार नाही."

खरी अडचण आरसीसीबीची. घराला ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारा आहे. पुरानंतर वायरिंगची डागडुजी झाली आणि तेव्हापासून तो रोज पडायला लागला, तोही दिवेलागणीला. दुपारी एसी, पंप, गीझर एकदम लावा, हूं की चूं नाही. वायरमनने भिंतीला ओल आहे असं सांगून वायरी डायरेक्ट जोडल्या. आता आरसीसीबी नुसता शोभेला आहे, टेस्टचं बटण दाबलं तरी ढिम्म. नवीन डीबीत तो घेऊच नका असा त्याचा सल्ला. आणि हल्ली आई म्हणते, वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात.

जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद – खटका

कंपनी कुठलीही नावाजलेली घ्या, पण डबा आणि एमसीबी एकाच कंपनीचे. वेगवेगळे घेतले की बसबारची (एमसीबींना जोडणाऱ्या पट्टीची) पातळी जुळत नाही, मग वायरमन तिचे काटे वाकवून बसवतो आणि सहा महिन्यांनी तिथेच जळतं. एल अँड टी मागितलंत आणि खोक्यावर लॉरिट्झ नुडसेन दिसलं तर दचकू नका. तो धंदा २०२० ला श्नायडरने घेतला, २०२४ पासून हे नाव आहे.

प्रतिसाद – जुनाफ्यूज

मुंग्या येतात हे वाचून बाकीचं बाजूला ठेवलं. आधी त्या मशीनची पिन काढा. आरसीसीबी बायपास आणि अर्थिंगचा भरवसा नाही, ही जोडी वाईट. अर्थिंगच्या खड्ड्यावरचा क्लँप बघा. पुराच्या गाळात गंजून तुटला असेल तर नवल नाही.

एमसीबी हा वायरीच्या रक्षणासाठी असतो, उपकरणाच्या नव्हे. बत्तीसचा एमसीबी ४६ अँपिअरला पडायला तासभरही लावू शकतो, नियमातच तेवढी मुभा आहे. तोवर भिंतीतली अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) वायर शिजून निघेल. दिव्यांच्या दीड स्क्वेअरला १० अँपिअर, प्लगच्या अडीचला १६, एसी-गीझरला चार स्क्वेअर ओढून २०. हे लिहून त्याच्या हातात द्या.

वेची भानगड अशी. घराच्या एसपीएन (सिंगल फेजच्या) डब्यात आठ वे म्हणजे मेनच्या दोन जागा सोडून आठ. आरसीसीबी त्यातल्याच दोन खातो. दोन आरसीसीबी घेतले की उरल्या चार, त्यात तुमचं घर मावत नाही. बारा वेचा घ्या. टीपीएनमध्ये उलटं आहे. तिथे चार वे म्हणजे प्रत्येक फेजला चार, एकूण बारा जागा. गिरणी एक वे, डंकी एक वे, उरलेल्या दोन वेत सहा सिंगल एमसीबी. दुकानदार तेवढ्यापुरता खरं बोलला. मेन मात्र फोर पोलच घ्या, तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा.

मोटरींना सी कर्व्हचा एमसीबी सुरू होताना पडत असेल तर डी कर्व्हचा. सी हा पाच ते दहा पट करंटला झटक्यात पडतो, डी दहा ते वीस पटीला. साडेसात एचपी चालताना अकरा-बारा अँपिअर घेते, पण डायरेक्ट स्टार्टर असेल तर उठताना त्याच्या सहा-सात पट. मोटर जळू नये म्हणून स्टार्टरमधला रिले आहे, आणि एक फेज गेल्यावर मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर नसेल तर तोही बसवा.

आता आरसीसीबी. ओल असती तर वेळ पाळून पडला नसता. एसी-गीझर चालतात आणि दिवेलागणीला पडतो, म्हणजे एखाद्या दिव्याचा न्यूट्रल भलतीकडे गेलाय. मला जिन्यातल्या दिव्याचा संशय आहे. त्याचा फेज वरच्या मीटरचा आणि न्यूट्रल खालच्या मीटरचा तर नाही? फेजमधून गेलेला करंट त्याच आरसीसीबीतून न्यूट्रलने परत आला नाही की तो पडणारच. तेच त्याचं काम. योग्य वायरमनकडून, मेन बंद करून, लिंकवरचा (सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवरचा) एकेक न्यूट्रल सोडवून बघा. नुसते एमसीबी खाली पाडून दोष कुठल्या लाइनवर आहे एवढंच कळेल, न्यूट्रल कुठे गेलाय ते नाही, कारण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडतच नाही.

प्रतिसाद – कृष्णाकाठ

आम्ही सांगलीचे, २०१९ चं पाणी पाहिलंय. डीबी किती फुटांवर यापेक्षा तो पाण्यात न उतरता बंद करता येतो का ते बघा. आमच्याकडे बाहेरची वीज कधीच बंद झाली होती, पण वरच्या मजल्यावरचा इन्व्हर्टर खालच्या खोलीतला दिवा पाजळत बसला होता. गुडघाभर पाण्यात तो दिवा छान दिसत होता, अर्थ कळल्यावर पाय लटपटले. इन्व्हर्टरवर खालची एकही लाइन ठेवू नका. त्याचा न्यूट्रलही वेगळा ठेवा, नाहीतर नवा आरसीसीबीसुद्धा पडत राहील.

धागाकर्ता

जुनाफ्यूज, साष्टांग नमस्कार! जिन्यातलाच निघाला. पूर्वी एकच मीटर होता, तेव्हा जिन्याचा न्यूट्रल खालच्या बोर्डातून घेतलेला. गिरणीचा मीटर वेगळा झाला, खालचा बोर्ड त्यावर गेला, न्यूट्रल तिथेच राहिला. पुराआधी जिन्याचा फेजही खालचाच होता, म्हणून कळलं नाही. डागडुजीत फेज वरून ओढला आणि गंमत सुरू झाली. एवढासा नऊ वॅटचा एलईडी! काल दुसऱ्या वायरमनला बोलावलं, परवाना बघून. न्यूट्रल वरच्या लिंकवर आणला, जुना आरसीसीबी काढून नवा तात्पुरता लावला. आईने दिवेलागणीला बटण दाबलं, आम्ही सगळे डब्याकडे बघत उभे. नाही पडला. टेस्टचं बटण दाबलं, खाडकन पडला. आई म्हणाली, "हे बरं की वाईट?"

अर्थिंगचा क्लँप हातात आला, अक्षरशः. वॉशिंग मशीन बंदच आहे.

डीबींची जागा जिन्याच्या मधल्या टप्प्यावर ठरतेय. टप्पा साडेपाच फुटांवर, त्यावर साडेचार फूट, म्हणजे जमिनीपासून दहा. वरून चार पायऱ्या उतरलं की हात पोचतो. गिरणीजवळ वेगळा रोटरी स्विच ठेवणार, नाहीतर पट्टा सुटला की आईला जिना चढावा लागेल. घराला बारा वे, दोन आरसीसीबी. एकावर स्वयंपाकघर, बाथरूम आणि पंप, दुसऱ्यावर बाकी घर, म्हणजे एक पडला तर सगळा अंधार नको.

एकच प्रश्न उरला. गिरणीच्या थ्री फेजलाही ३० मिलिअँपिअरचाच घ्यायचा का?

प्रतिसाद – जुनाफ्यूज

मोटरींना १०० मिलिअँपिअरचा फोर पोल. पण खालच्या प्लगना ३० चा वेगळा, तिथे आईचे हात ओले असतात. आणि अर्थिंग झाल्याशिवाय नव्या डब्याचं झाकण लावू नका.

धागाकर्ता

रविवारी खड्डा खणतोय. कोळसा, मीठ आणून ठेवलंय.