घराणं ग्रुप: छोट्याचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळची चर्चा

दादा: सगळ्यांना एकदाच सांगतो, छोट्याच्या किडनीतून लघवीत प्रोटीन गळतं, नेफ्रोटिक म्हणतात तो आजार, त्याचा जीनचा रिपोर्ट आला. एनपीएचएस२ नावाचा जीन आहे, त्याच्या दोन्ही कॉपींमध्ये बिघाड निघाला. स्टेरॉइड का लागू पडत नव्हतं ते आता कळलं असं डॉक्टर म्हणाले, डोस हळूहळू कमी करत बंद करणार.

मोठी काकी: अरे पण आमच्या घराण्यात असा कोणाकच नाय झाला. सूनबाईच्या माहेरी कोणाक किडनीचा होता काय ता विचार आधी.

अप्पा: वेंगुर्ल्याला एक जण काढा देतात, मुतखड्यावर बऱ्याच लोकांना गुण आलाय. नंबर पाठवू का

तायडी: अप्पा प्लीज काढा नको. मुतखडा वेगळा, हे वेगळं, आणि कशाकशाचा पाला आहे ते माहीत नसताना पोराच्या किडनीवर आणखी ताण नको.

आणि काकी, वहिनीच्या माहेरचं का काढताय? हा आजार व्हायला बिघडलेली एक कॉपी आईकडून आणि एक बाबांकडून यावी लागते, म्हणजे दादाकडूनही आलीच आहे ना. एकच कॉपी बिघडलेली असली तर माणूस ठणठणीत राहतो, त्यामुळे दोन्ही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या कुणाला काही झालं नाही यात नवल काहीच नाही. वहिनी आधीच रात्र रात्र जागतेय, तिला हे परत कुणी विचारू नका, मनापासून सांगते.

भाई: तायडी तू लॅबमध्ये आहेस तर नीट सांग ना, हा जीन करतो काय नक्की

तायडी: सांगते. प्रत्येक किडनीत साधारण १० लाख गाळण्या असतात, दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास गाळतात, त्यातलं दीड-दोन लिटर लघवी होतं, बाकी सगळं परत रक्तात. गाळणीच्या बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी असतात, त्यांना बोटांसारखे फाटे, फाट्यांमध्ये बारीक फट आणि त्या फटीवर नेफ्रिन नावाच्या प्रोटीनचा पडदा. एनपीएचएस२ जे प्रोटीन बनवतो त्याचं नाव पोडोसिन, ते फटीच्या कडेला बसून नेफ्रिनला जागेवर धरून ठेवतं. रापणीच्या जाळ्याचं सूत कितीही चांगलं असूदे, गाठी सुटल्या की मासळी निसटणारच, तसं इथे रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत निसटतं. म्हणून लघवीला फेस, म्हणून सकाळी डोळे सुजलेले.

नेफ्रोटिकच्या दहातल्या आठ-नऊ पोरांना स्टेरॉइड लागू पडतं म्हणून सुरुवात त्यानेच करतात, ते बरोबरच होतं. पण छोट्याची गाळणीच घडणीत कच्ची आहे, तिथे स्टेरॉइड काय करणार, नुसतं तोंड सुजणार आणि उंची खुंटणार. हा जीन २००० साली पॅरिसच्या संशोधकांना सापडला, तोही अशाच घरांमधून जिथे पोरांना स्टेरॉइड लागू पडत नव्हतं.

दादा: पुढेमागे किडनी बदलायची वेळ येऊ शकते म्हणाले. पण जीनमुळे असेल तर नव्या किडनीत हा आजार परत येण्याची शक्यता बरीच कमी असते असंही म्हणाले, त्याने जरा धीर आला.

तायडी: हो दादा, कारण नव्या किडनीत पोडोसिन चांगलं असतं. तोवर प्रोटीन कमी गळावं म्हणून प्रेशरच्या गोळ्यांपैकी एक देतात, ती चुकवू नका. आणि स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नका हां, डॉक्टर सांगतील तसंच.

मोठी काकी: बरा. मगे प्रोटीन जाता तर रोज अंडी नि कुळथाची पिठी देऊ काय जास्त?

तायडी: जास्त नको काकी, त्याच्या वयाला लागतं तेवढंच. जास्त दिलं म्हणून भरून येत नाही. मीठ मात्र खरंच कमी, म्हणजे सुकट, खारे बांगडे, लोणचं, पापड सगळं बंद, मिठाने सूज वाढते. पेजेत पण वरून मीठ नको.

वहिनी: ताई, धाकटीला पण असेल का गं? तिला अजून काहीच नाही

तायडी: वहिनी, प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता असते, म्हणजे नसण्याचीच जास्त. पण बघून घेऊया. सकाळची पहिली लघवी कुठल्याही लॅबमध्ये दे, प्रोटीन बघा म्हणून सांग, स्वस्तातली टेस्ट आहे. जीनचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारू.

भाई: उद्या सकाळी मी कुडाळला चाललोय, बाटली माझ्याकडे दे, साडेसातला येतो.