मास्टर प्लॅनवर हरकत द्यायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. बेळगावच्या दक्षिणेला आमचं भाताचं शिवार आहे, नवीन मसुदा मास्टर प्लॅनमध्ये (म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात) ते इंडस्ट्रियल दाखवलंय, नकाशावर सगळा पट्टा जांभळा, आणि मधनं एक रस्ता काढलाय तो थेट आमच्या विहिरीवरनं जातोय असं वाटतंय. वाटतंय म्हणतो कारण मोबाईलवर आलेली पीडीएफ झूम केली की सर्व्हे नंबर फुटतात, ४ आहे की ९ तेच कळेना. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१, कलम १३ खाली हरकती मागवल्यात, मुदत अजून आहे.

मास्टर प्लॅनच्या ऑफिसात जाऊन आलो, मोठा नकाशा भिंतीला आहे पण फोटो काढू देत नाहीत, 'लेखी द्या' एवढंच. पंचायतीत विचारलं तर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) म्हणतात आमच्याकडं काय आलं नाही. ताजा उतारा आणि मोजणीचा नकाशा काढून ठेवलाय. उताऱ्यावर आजोबा आणि चुलत्यांची नावं आहेत, वाटणी झालेली नाही. वकील सध्या नको, मोजणीचाच खर्च बक्कळ झालाय. भाषेचं म्हणाल तर घटनेच्या कलम ३५० प्रमाणं मराठीत निवेदन देता येतं, तरी कन्नड प्रत जोडणारच, उगाच तिथं अडायला नको.

ज्यांनी अशी हरकत खरंच दिलीय त्यांनीच सांगा: झोन आणि रस्ता दोन्हीला एकच अर्ज चालतो का वेगवेगळे द्यायचे, उताऱ्यावर नाव नसताना माझी सही चालेल का सगळ्या चुलत्यांच्या लागतील, आणि त्या भिंतीवरच्या नकाशाची सही-शिक्क्याची नक्कल माहिती अधिकारात मुदतीच्या आत मिळते का?