कॅमेऱ्यात दिसला तो खरंच फोन होता का? (आपला सोसायटी ग्रुप, काल रात्रीची चर्चा)

बी-४०२: नेदरलँड्सची ती बातमी वाचली का कोणी? २०२३ मध्ये एकाला ३८० युरो दंड आला, गाडी चालवताना फोनवर बोलतोय म्हणून, आणि त्याने फोटो उघडून बघितला तर तो नुसता डोकं खाजवत होता, हातात काहीच नाही. आता आपल्याकडे पुण्यात पण एफसी रोडला एआय कॅमेरे लागलेत. मला सिग्नलला कानाशी हात टेकून बसायची सवय आहे, उद्या मला आलं चलान तर मी कोणाला पटवून देणार की फोन नव्हता?

ए-१०३: काका मी कामात असलंच इमेजवालं बघतो म्हणून सांगतो. कॅमेरा उंचावर तिरका लावतात, समोरच्या काचेतून थेट मांडीपर्यंत दिसावं म्हणून, कारण लोक फोन खाली धरूनच मेसेज बघतात. रात्रीसाठी इन्फ्रारेड फ्लॅश, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. प्रोग्रामला हजारो फोटो दाखवून शिकवलेलं असतं, हे फोनवालं हे बिनफोनवालं. फोन म्हणजे काय ते त्याला कळत नाही, कोपर दुमडलेलं, मूठ कानाजवळ, असं दिसलं की तो म्हणतो बहुतेक फोन आहे. त्यामुळे शिकवताना डोकं खाजवणारे, गालाला हात लावणारे असे फोटो पुरेसे दाखवले नसतील तर गफलत होणारच.

बी-४०२: मग माणसाने बघायला नको का तो फोटो?

ए-१०३: बघतात ना. नेदरलँड्समध्ये पण पोलीस बघतात आणि तरी ती चूक सुटली, मला खरी काळजी त्याची वाटते. मशीनने आधीच फोन म्हटलं की बघणाऱ्यालाही फोनच दिसतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने डिसेंबर २०१९ ला सुरू केलं तेव्हा पहिले तीन महिने नुसती वॉर्निंगची पत्रं पाठवली, दंड १ मार्च २०२० पासून. तसं सगळीकडे करायला पाहिजे. आपल्या २०२१ च्या मोटार वाहन नियमात पण आहे की कॅमेऱ्याच्या आधी बोर्ड हवा, नोटीस १५ दिवसांत यायला हवी, सोबत फोटो, वेळ, ठिकाण हवं. काका, चलान आलं तर आधी फोटो उघडा, घाईने भरून टाकू नका.

सी-२०१: मी मधे बोलते, राग मानू नका. गेल्या वर्षी आईला कर्वे रोडला गाडीने उडवलं ते तुम्हाला माहितीये. भाजी घेऊन येत होती, मी धावत गेले तर शेपूची जुडी रस्ताभर पसरलेली आणि तो गाडीवाला खाली उतरून उभा, डाव्या हातात फोन, कॉल चालूच, पलीकडून कोणीतरी हॅलो हॅलो करतंय. ते हॅलो मला अजून ऐकू येतं. खुब्याचं ऑपरेशन झालं, आई अजून वॉकरवर आहे. चाळीसच्या स्पीडने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, दोन सेकंद स्क्रीन बघितली की २२ मीटर आंधळेपणाने. मला कॅमेरे हवेत, चार जास्त लावा.

बी-४०२: नाही ग ताई, राग कसला. आई कशा आहेत आता? कॅमेरे नकोत असं माझं म्हणणं नाहीच, चुकीचं चलान आलं तर दाद मागायला कोणीतरी हवं एवढंच.

सी-२०१: ते मान्य काका. आई बरी आहे, काल जिना उतरली.

ए-५०४: मॅप बघितलेला चालतो का? मला रोज मॅप लागतो.

ए-१०३: रस्ता बघण्यापुरता चालतो वहिनी, पण लक्ष विचलित होता कामा नये असं नियमात आहे. स्टँड लावून घ्या. हातात धरून बोलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली येतं, पहिल्याच वेळी १ ते ५ हजार दंड नाहीतर सहा महिने ते एक वर्ष कैद, दोन्ही पण होऊ शकतं.

डी-३०२: ताईंचा मेसेज वाचल्यापासून एकच डोक्यात चाललंय. पलीकडून हॅलो करणारं कोणीतरी होतंच ना. मी रोज सकाळी व्हॅनकाकांना फोन करते, काका कुठे पोचलात, आणि ते म्हणतात आलो आलो सिंहगड रोडला आहे. म्हणजे चालवतच असतात! मागे आठ मुलं, त्यात माझा पण. आणि उशीर झाला की आम्ही आठही आया लागोपाठ फोन लावतो.

ए-५०४: अगं बाई. मी तर काल तीनदा केला.

सी-२०१: व्हॅनमध्ये मावशी असतात ना, त्यांना करा फोन.

डी-३०२: बोलले आत्ताच मावशींशी. उद्यापासून ६.५० ला त्या लाइव्ह लोकेशन टाकतील व्हॅनच्या ग्रुपवर. त्यांचा नंबर पिन करतेय. व्हॅनकाकांना सकाळी कोणीही कॉल करू नका प्लीज, आजोबांना पण सांगा घरी.